फौजदाराचा आवाज

“आवाज पार बंद कर, वैजू,” आप्पा म्हणाले. “जपान्यांचं जपान्यांपाशी राहू दे.”

मी उठून टीव्हीची कळ फिरवली. पडद्यावरची बडबड बारीक होत गेली आणि खोलीत पंख्याची घरघर तेवढी उरली. मे महिन्यातला रविवार होता, दुपारचे चार वाजलेले. माळावरचं ऊन थेट टीव्हीवर यायचं, म्हणून खिडकीला आईनं जुनी चादर लावली होती. ढाणेकाका सतरंजीवर भिंतीला टेकून, एक पाय लांब करून बसले होते. दारात ढाणेकाकू मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत होत्या. नदाफभाऊंनी आपल्यापुढं दोन स्टीलच्या वाट्या उपड्या मांडल्या होत्या. नदाफभाऊ कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होते आणि आमच्याकडं घोडा होते.

हे जरा नीट सांगायला हवं. आप्पांना कंपनीनं एकदा सहा महिने जपानला शिकायला पाठवलं होतं. कोरेगावच्या अलीकडं माळावर आमचा कारखाना होता, तिथं फ्रीजचे कॉम्प्रेसर तयार व्हायचे आणि त्यांची यंत्रं जपानहून आलेली होती. दुसऱ्या कुणी येताना घड्याळं आणली असती, बायकोला साडी आणली असती. आप्पांनी एक व्हीसीआर आणला आणि तिथल्या सोबत्यानं टीव्हीवरून भरून दिलेल्या कॅसेटी आणल्या. त्या कॅसेटींत निघाली कार्टूनची मालिका. आईनं कपाळाला हात लावला.

त्यात तो व्हीसीआर तिकडच्या विजेचा. आपल्या विजेवर लावला असता तर धूर निघाला असता. वाइंडिंग खात्यातल्या ढाणेकाकांनी त्याच्यासाठी खास ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला, विटेएवढा, जड आणि सतत गुणगुणणारा. रंगांचं मात्र त्यांनाही काही जमलं नाही. तिकडची कॅसेट आमच्या टीव्हीवर काळी-पांढरीच दिसायची. “तिथली वाळू तांबडी आहे,” असं आप्पा सांगायचे आणि आम्ही ती तांबडी धरून चालायचो.

मालिका पुढच्या कुठल्याशा काळातली होती. माणसं पृथ्वी सोडून लांबच्या एका ग्रहावर राहायला गेलेली. तिथं सगळीकडं वाळवंट, आकाशात दोन सूर्य, मधे लाकडी घरांचं एक गाव, आणि कमरेला पिस्तुलं लावून लोखंडी घोड्यांवरून हिंडणारी माणसं. गावाला पाणी नाही. पाण्याचं जहाज आकाशातून यायचं आहे आणि ते येत नाही. निदान आप्पांनी आम्हाला असं सांगितलं होतं. त्यांचं जपानी नमस्कार, भात आणि ‘हा नट ढिला आहे’ इतक्यावर संपायचं, तेव्हा खरं काय ते जपान्यांनाच माहीत.

भाषा कळत नाही म्हणून आप्पांनी पहिल्यांदा मनानंच संवाद म्हणायला सुरुवात केली. नायक ते स्वतः. त्याला आम्ही परदेशी म्हणायचो. गावचा बिल्लेवाला अधिकारी ढाणेकाकांनी घेतला, तो फौजदार. खानावळवाली आईच्या गळ्यात पडली. आप्पा आणि काका दोघंही कॉलनीच्या गणपतीतल्या नाटकांत मुरलेले, त्यामुळं बघता बघता सगळे संवाद बसले. वर्षानुवर्षं तेच बोलणं, ओठ हलतील तसं, ओठ मिटतील तिथं थांबून. कुणी एक शब्द बदलला तरी आम्ही हटकायचो. दुपारी कॉलनीतली माणसं दारातून वाकून बघायची आणि हसून जायची. मला त्या मालिकेइतकी मजा पुढं कशातच आली नाही, आणि ती मजा त्या रविवारी संपली.

कारखान्याला टाळं लागून तोवर दोन वर्षं होत आली होती. कंपनी म्हणत होती, हिशेब घ्या, सही करा, घर सोडा. बहुतेकांनी सह्या केल्या. एकेक घर रिकामं झालं, खिडक्यांच्या काचा गेल्या, कुंपणावर घाणेरी माजली. कोर्टात संघटनेचा दावा चालू होता आणि दाव्यावर पाच जणांची नावं होती. पहिलं ढाणेकाकांचं, दुसरं आप्पांचं. वकिलांनी बजावून ठेवलं होतं की या पाचांपैकी एकानं जरी कंपनीशी परस्पर मिटवलं, तरी दाव्याचा कणा मोडला. ढाणेकाका ते उठता-बसता सांगायचे. “पाच बोटं हायेत तवर मूठ हाय,” म्हणायचे आणि मूठ वळून दाखवायचे. कारखाना पुन्हा सुरू होणार यावर त्यांचा विश्वास होता. खोटा नव्हता तो विश्वास, म्हणूनच त्यांच्यासमोर कुणाला काही बोलवत नसे.

त्या दिवशी आईनं शिरा केला होता.

“आज काय विशेष गं?” काकूंनी वाटी हातात घेताना विचारलं.

“काही नाही. रवा संपवायचा होता.”

“पोरीचा निकाल लागला व्हय?”

“नाही. असाच,” आई म्हणाली आणि आत गेली.

मी आईकडं बघितलं. मला काही सांगितलेलं नव्हतं, पण बारावीची परीक्षा दिलेल्या मुलीला घरात काय शिजतंय ते कळतंच. गुरुवारी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून साताऱ्याला गेले होते आणि आल्यावर न बोलता जेवले होते. त्याच्या आधी दोनदा त्यांच्या जुन्या साहेबांचा गुजरातेजवळच्या सिल्वासाहून, तिथल्या नव्या कारखान्यातून, फोन आला होता, वाण्याच्या दुकानात. आई रात्री फडताळातले डबे खाली काढत होती आणि मी विचारलं तर म्हणाली, झुरळं झालीत.

“कुठली लावतूस?” काकांनी विचारलं.

“शेवटची,” आप्पा म्हणाले.

“मधल्या सोडून?”

“आज शेवटचीच बघू.”

“बघू की. आपलं काय, मोकळंच हाय,” काका म्हणाले आणि नदाफभाऊ हसले. मोकळंच आहे हा तेव्हा कॉलनीतला रोजचा विनोद होता.

कॅसेट सुरू झाली. आधी वारा, वाळू, पडकी पाटी. मग परदेशी खानावळीत येतो, टोपी काढतो. त्याच्या चेहऱ्यावर जखमेचा व्रण होता, आणि आप्पांनी त्याची एक लांबलचक हकिकत रचली होती. त्या दिवशी त्यांनी ती सांगितली नाही. नुसतं म्हणाले, “बाई, भाकरी बांधून दे. लांब जायचंय.”

आईनं आतल्या दारात उभं राहून म्हणायचं होतं, किती लांब? तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. पडद्यावरची बाई बोलून मोकळी झाली.

“झोप लागली काय खानावळवालीला?” काका म्हणाले.

“किती लांब,” आई म्हणाली, उशिरा.

“जिथं पाणी आहे तिथवर.”

इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणं होतं. मग परदेशी बाहेर येतो, घोड्याचा पट्टा आवळतो. नदाफभाऊंनी वाट्या वाजवायला घेतल्या, टपटप, टपटप. गावाची वेस येते. वेशीत दोन्ही पाय फाकवून फौजदार उभा. ढाणेकाका सरसावून बसले, कारण हा प्रसंग त्यांचा. त्यांनी गळा खाकरला आणि तो भरदार, पोटातून येणारा आवाज काढला. गणपतीत याच आवाजावर त्यांना शिट्ट्या पडायच्या.

“कुठं निघालास, परदेशी?”

यावर आप्पांनी म्हणायचं होतं, पाणी शोधायला. मग फौजदारानं म्हणायचं, जहाज येणार हाय. परदेशी म्हणणार, आलं की निरोप धाड. मग फौजदार पिस्तूल रोखतो, बराच वेळ रोखून धरतो, खाली घेतो, आणि काका म्हणायचे, “जा. पर जेवून जा.” खरं तर तो काहीतरी मोठं वीरश्रीचं बोलत असणार, त्याचे डोळे भरलेले दिसायचे. पण काकांचं हे वाक्य आलं की सगळी खोली हसायची, दर वेळी.

“कुठं निघालास, परदेशी?”

“सिल्वासाला,” आप्पा म्हणाले.

नदाफभाऊ खो खो हसले. मीही हसले, हे खरं. सिल्वासा हा शब्द त्या टोपीखालून आला याचंच मला हसू आलं, त्याचा अर्थ उमजायला क्षणभर वेळ लागला.

काकाही हसले. “ह्ये नवीन काढलं ब्येनं,” असं स्वतःच्या आवाजात म्हणाले आणि लगेच फौजदार झाले. “तिथं पाणी हाय का?”

“नळाला येतं म्हणतात.”

“आणि गावाचं काय?”

पडद्यावर परदेश्याचा चेहरा मोठा झाला होता. त्याचे ओठ मिटलेले होते. आप्पा थांबले. ओठ हलेपर्यंत थांबायची त्यांना सवयच होती. मग ओठ हलले आणि आप्पा म्हणाले, “गावाला मी विचारलं नाही, फौजदार. गुरुवारी जाऊन सही करून आलो.”

नदाफभाऊंच्या वाट्या थांबल्या. दारात काकूंच्या ताटातला हात थांबला.

ढाणेकाकांनी आप्पांकडं वळून बघितलं नाही. आप्पाही त्यांच्याकडं बघत नव्हते. दोघं टीव्हीकडं बघत होते.

“कसली सही?” काका म्हणाले. आवाज अजून फौजदाराचाच होता. मला वाटतं, तो खाली ठेवायला त्यांना सुचलं नाही.

“हिशेबाची. घर सोडायची. दाव्यातून नाव काढायची.”

“पाच जण हुतो आपण.”

“आता चार.”

“चार म्हंजी कुणीच न्हाई. ह्ये तुला ठावं हाय.”

“ठाऊक आहे.”

“ठावं असून केलंस.”

“ठाऊक असून केलं,” आप्पा म्हणाले. “जहाजाची वाट बघून माझ्या घरातली माणसं वाळली, फौजदार. पोरीला पुढं शिकायचंय. बायको दोन वर्षं टँकरच्या रांगेत उभी आहे. मला हाताला काम पाहिजे. मी पन्नाशीला आलो. आत्ता गेलो नाही तर मला कुणी उभं करणार नाही.”

हे एवढं सगळं परदेशी बोलत नव्हता. त्याचं तोंड केव्हाच मिटलं होतं आणि पडद्यावर नुसतं वाळवंट होतं. आप्पा वाळवंटावर बोलत राहिले.

“मला आदी का न्हाई सांगितलंस?” काकांनी विचारलं. हा मात्र त्यांचा स्वतःचा आवाज होता, बारीक आणि थोडा चिरका.

“तीनदा तुझ्या दारात आलो होतो, बाबूराव. दर वेळी तू चहा टाकायला सांगितलास.”

“मग चहा पिऊन सांगायचं.”

“तू दाव्याचे कागद काढून बसायचास. वकील काय म्हणाला, तारीख कधी आहे. तुझ्या तोंडाकडं बघून मला बोलवेना.”

“म्हून हितं सांगितलंस. खेळात. बायकापोरांम्होरं.”



पडद्यावर फौजदारानं पिस्तूल रोखलं. तो प्रसंग लांब आहे. एकदा पिस्तूल दिसतं, एकदा परदेश्याची पाठ दिसते, मग पुन्हा पिस्तूल. पंख्यानं चादर हलत होती आणि मधूनच उन्हाची पट्टी पडद्यावरून सरकत होती. फौजदाराचा हात खाली आला. त्याचा चेहरा जवळ आला, डोळे भरलेले, आणि तो बोलायला लागला.

फौजदाराचं तोंड हलत होतं. एरवी काकांच्या त्या चार शब्दांत ते भागून जायचं आणि उरलेलं हसण्यात बुडायचं. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की तो किती वेळ बोलतो. बोलतच होता. थांबून पुन्हा बोलत होता.

“बोला की ओ,” काकू दारातून म्हणाल्या, अगदी हळू.

काका बोलले नाहीत. परदेशी निघाला. नदाफभाऊंनी सवयीनं वाट्या उचलल्या, दोनदा वाजवल्या आणि खाली ठेवून दिल्या. दोन सूर्य मावळले. जपानी अक्षरं वर सरकली. मग कॅसेट संपून पडद्यावर मुंग्या आल्या, आणि त्यासुद्धा आम्ही सगळे बघत बसलो.

ढाणेकाका भिंतीला हात लावून उठले. लांब करून बसलेला पाय बधिर झाला असावा, पहिल्या पावलाला ते लंगडले. आप्पांचा हात आपोआप पुढं झाला. काकांनी तो बघितला, आणि दाराची चौकट धरून बाहेर गेले. काकूंनी तांदूळ गोळा केले. शिऱ्याची वाटी त्यांनी आईच्या हातात परत दिली, भरलेली.

“रवा संपवायचा हुता व्हय,” त्या म्हणाल्या. टोचून नाही म्हणाल्या. त्यांना आत्ता उलगडा झाला होता, एवढंच.

ते गेल्यावर मी आप्पांवर ओरडले. उभ्या जन्मात पहिल्यांदा. सही केलीत ते केलीत, पण त्या टोपीवाल्याच्या मागं लपून कशाला सांगितलंत, असं काहीतरी बोलले. आई म्हणाली, वैजू, गप. आप्पा कॅसेट मागं फिरवत बसले होते. त्यांना कॅसेट न फिरवता ठेवलेली चालत नसे.

“तोंडावर बोलणार होतो गं,” ते म्हणाले. “मला वाटलं, असं बोललो तर तोही तसंच काहीतरी बोलेल. हसवेल. आणि निभावून जाईल.”

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही तेव्हा. पुढं आली, पुष्कळ आली, पण त्या दुपारचा रागही पुरता गेलेला नाही. काकांना सहीपेक्षा ते लागलं होतं. तोंडावर सांगितलं असतं तर त्यांनी आप्पांच्या आईबापाचा उद्धार केला असता, अंगावर धावून आले असते, दोन महिने बोलले नसते, आणि मग बोलले असते. आप्पांनी त्यांना भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही.

आठवड्यानं आम्ही निघालो. एरवी कॉलनीत कुणी घर सोडलं की बायका ओटी भरायच्या, पुरुष सामान चढवायचे, आणि ट्रक हलेपर्यंत नुसता कालवा असायचा. आमच्या वेळी एकटे नदाफभाऊ आले. त्यांनी कपाट पाठीवर घेतलं, कॉट उलटी करून बांधली, आणि आईनं चहा विचारला तर म्हणाले, राहू द्या वैनी, भांडी बांधलीत. ढाणेकाकूंचं दार लोटलेलं होतं. आई त्या दारापर्यंत जाऊन आली. आत भांड्यांचा आवाज येत होता म्हणाली, पण कडी वाजवायचा धीर झाला नाही.

कारखाना बंद पडल्यापासून कॉलनीच्या फाटकावर संघटनेचीच माणसं पाळीनं बसत. कंपनीनं गुपचूप यंत्रं हलवू नयेत म्हणून. तिथं एक आडवा बांबू टाकलेला असे आणि येणारी-जाणारी प्रत्येक गाडी बघून सोडत. आमचा टेम्पो फाटकाशी आला तेव्हा बाकड्यावर ढाणेकाका बसलेले होते. त्यांची पाळी होती की मुद्दाम येऊन बसले होते, मला माहीत नाही.

ड्रायव्हरच्या शेजारी आई, मग मी, आणि खिडकीशी आप्पा, असे आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. टेम्पो थांबला. काका उठले. मागं जाऊन त्यांनी ताडपत्री वर करून आत बघितलं, सगळ्यांच्या गाडीत बघायचे तसं. आमचं कपाट, आमच्या कॉटा, आमच्या गाद्या. त्यांनी ताडपत्री खाली सोडली आणि सुटलेली दोरीची गाठ पुन्हा आवळली. मग पुढं आले.

आप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढला होता. नमस्काराला की निरोपाला, त्यांचं त्यांनाही ठरलं नसावं. हात अर्धा वर होता.

काकांनी बांबू उचलला. टेम्पो हलायच्या आधी ते खिडकीजवळून पलीकडं, ड्रायव्हरच्या बाजूला गेले आणि त्याला म्हणाले, “म्होरं मोरी खचलीया. उजव्या अंगानं घे, सामान हाय.”

ड्रायव्हरनं मान हलवली. ओढ्यावरच्या मोरीजवळ त्यानं गाडी उजवीकडून घेतली. आप्पांनी हात आत घेतला आणि कोरेगाव मागं पडेपर्यंत तो मांडीवर तसाच धरून ठेवला.

पुढच्या वर्षी दावा निकालात निघाला. उरलेल्यांनी सह्या केल्या. ढाणेकाकांनी केली नाही. कॉलनीची वीज तोडली तरी ते आणि काकू त्याच घरात राहिले, आणि एका हिवाळ्यात काका तिथंच गेले. नदाफभाऊंनी फोन करून सांगितलं, तेव्हा मातीही होऊन गेली होती. सिल्वासाला व्हीसीआर पेटीतून बाहेर निघालाच नाही. मी एक-दोनदा म्हटलं, आप्पा, लावू या का? ते म्हणायचे, बघू. नोकरी त्यांनी दहा वर्षं नीट केली. माझं शिक्षण झालं, घर झालं. त्यांच्या हिशेबानं सगळं बरोबरच झालं होतं, आणि तसं कुणी म्हटलं की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

शेवटच्या आजारपणात त्यांना मागचं फार आठवायचं. एकदा औषध घेताना मधेच थांबून म्हणाले, “बाबूराव शेवटपर्यंत माझ्याशी बोलला नाही.”

“असं कसं म्हणता?” आई म्हणाली. “मोरी खचलीय, सामान आहे, गाडी उजवीकडून घ्या, हे कुणासाठी सांगितलं त्यांनी? आपल्यासाठीच ना?”

आप्पांनी उरलेलं औषध घेतलं. मला वाटलं, पटलं त्यांना.

“मी खिडकीत बसलो होतो,” ते म्हणाले. “माझ्या खिडकीवरून पलीकडं गेला, आणि ड्रायव्हरला सांगितलं.”